हिरव्या साडीची घडी

पुसद
५ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताई आणि ती. नानाजी यांना सदाशिवचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

भाऊबीजेला येणं झालं नाही. तू रागावली असशील, आणि कोणी विचारलं तर मी कायले रागावू म्हणत असशील. शोभा पाडव्यालाच ऋचाकडे पुण्याला गेली आणि माझ्या गुडघ्यानं एस.टी.ची पायरी चढू दिली नाही. तीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या खुर्चीवर बसलो, त्याची ही फळं.

फोन केला असता, पण तुझे कान आणि माझा आवाज यांचं आता जमत नाही. अंकुर मध्ये उभा राहून माझं बोलणं तुझ्या कानात ओरडतो आणि त्यातलं अर्धं त्याच्या मनाचं असतं. मामा म्हणून त्याला मी काही म्हणत नाही.

काम असं आहे. २६ तारखेला मी नागपूरहून विमानानं गोव्याला जातो आहे. पाच दिवस हवापालट. शोभा पुण्याहून परस्पर येईल, पण घरातले कपडे मलाच न्यायचे आहेत. विमानवाले एका माणसाला पंधरा किलोची एकच बॅग देतात. शोभानं कपाटावर यादी चिकटवली आहे आणि खाली लिहिलं आहे, चुण्या पडता कामा नयेत. हे कसं करायचं ते मात्र लिहिलेलं नाही. आयुष्यभर माझी बॅग आधी तू भरलीस, मग तिनं. मला तर रुमालाचीसुद्धा चौकोनी घडी जमत नाही.

तुला आठवतं, अमरावतीला मुलाखतीला गेलो तेव्हा तू तांब्यात निखारे भरून शर्टाला इस्त्री केली होतीस. बारा तास पत्र्याच्या पेटीत राहून तो परीटघडीचाच निघाला. ती विद्या आता कळव.

बाकी क्षेम. तुझ्या लोभाचं विमानात वजन होत नाही, तेव्हा तो भरपूर पाठव.

तुझा
सदाशिव


आर्णी
१० नोव्हेंबर

चि. सदाशिवला ताईचे अनेक आशीर्वाद, गुडघ्याला थोडे जास्त.

ओवाळणीचं ताट मी संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं. मग नानाजींनी त्यातले अनारसे खाल्ले. रागावले नाही. फक्त एक कळलं नाही, एस.टी.ची पायरी न चढणारा गुडघा विमानाची शिडी कसा चढतो?

इथे कापसाची वेचणी चालू आहे. बाया मिळत नाहीत. बबिता चारजणी घेऊन येते, म्हणून निभतं आहे. पुढची खोली कापसानं भरली, पाहुणा आला तर त्याला गंजीवरच बसवावं लागेल.

आता तुझी विद्या. पँटी सगळ्यांत खाली, अर्ध्या बॅगेत आणि अर्ध्या बाहेर लोंबत ठेव. त्यावर शर्ट, बटणं लावून, एकाची कॉलर इकडे तर दुसऱ्याची तिकडे. कॉलरच्या आत रुमालाची गुंडाळी घाल म्हणजे ती चेपत नाही. मधोमध बनियनं आणि पंचे यांचं गाठोडं ठेव आणि बाहेर लोंबणारं सगळं त्या गाठोड्यावर उलटव. कापड जिथे मऊ गोष्टीवरून वळतं तिथे चुणी पडत नाही, कडेवर दुमडलं की पडते. कोपऱ्यांत मोजे कोंब. कपडा हलला की चुरगळतो, म्हणून बॅग गच्च हवी. पोचल्यावर सगळं आधी टांग, मग चहा पी.

पण यादीत काय काय आहे ते लिही. सुती कपड्याची तऱ्हा वेगळी, रेशमाची वेगळी. साडी असेल तर कोणती, आणि तिची घडी मोडली आहे का, तेही लिही.

घडीवरून ऋचा आठवली. शोभाच्या आजारपणात तीन वर्षं ती माझ्याजवळ होती, तेव्हा माझा पदर गुंडाळून घरभर फिरायची. माझ्या लग्नात आपल्या आत्यानं शालू आधी स्वतः नेसून तुळशीपर्यंत पाच पावलं घातली आणि मग मला नेसवला, हे मी तिला एकदा सांगितलं. तेव्हापासून तिचं एकच, आत्या, माह्या लग्नाच्या साडीची घडी तूच मोडशील ना? पाच वर्षांची होती. मी हो म्हटलं आहे. तो शब्द माझ्याकडे आहे. तिचं कुठे जमलं का? तू दोन वर्षं काही लिहीत नाहीस.

सौ. शोभेला आशीर्वाद. मायेत कमी-जास्त झालं तर मोठी बहीण म्हणून सोडून दे.

तुझी
ताई


पुसद
१५ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस सदाशिवचा नमस्कार.

पत्र मिळालं. रात्रीच बॅग मांडून पाहिली, गाठोड्याची युक्ती छान आहे. यादी अशी: पांढरे शर्ट दोन, साध्या पँटी, बंद गळ्याचा कोट, पिवळा रेशमी झब्बा, सोवळं, गुलाबी फेटा (इथल्या माणसानं डोक्याच्या मापानं बांधून दिला आहे, तो बॅगेत मावत नाही), आणि एक हिरवी रेशमी साडी, जरीकाठाची, नवी. ती यादीत नव्हती. मीच घेतली आहे. दुकानाच्या खोक्यात आहे तशीच आहे, कोणी उघडलेली नाही.

तिथे शोभाच्या मैत्रिणीकडे एक छोटा कार्यक्रम आहे, त्यासाठी हे सगळं. ऋचा कामात असते. तिचं काही असलं तर तुला कळवल्याशिवाय राहीन का?

फेटा आणि साडी यांचं तेवढं लगेच लिही, दिवस थोडे आहेत. थंडीत कानाला रुमाल बांधत जा, आणि माझ्यावरची माया ढळू देऊ नकोस.

तुझा
सदाशिव


आर्णी
२० नोव्हेंबर

चि. सदाशिवला आशीर्वाद.

तुझी यादी नानाजींना वाचून दाखवली. ते म्हणाले, जात असंन एखाद्या दोस्ताच्या पोरीच्या लग्नाले. माणूस भोळा आहे.

पिवळा झब्बा हळदीला लागतो. सोवळं कन्यादानाला लागतं. मापानं बांधलेला फेटा मुलीच्या बापाला लागतो, शोभाच्या मैत्रिणीकडच्या पाहुण्याला नाही. मला कळायला पत्रिका लागली नाही, तुझी कपड्यांची यादी पुरली.

तू खोटं बोलायला कधी शिकलास? लहानपणी दूध सांडलं तरी तुझे कान लाल व्हायचे. आता इतकं शांतपणे लिहितोस की अक्षरसुद्धा हललं नाही. मी तुला कधी काही मागितलं नाही, सदाशिव. एका मुलीच्या लग्नात पाच पावलं चालायची होती.

मला वाईट वाटलं. फार वाटलं. दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. घरातल्यांना वाटलं कान आणखी गेले.

आता बोलावू नकोस. चोरी पकडल्यावर आलेलं बोलावणं मला नको.

फेट्याच्या पोकळीत बनियनं भर आणि मोठ्या डब्यात ठेवून डबा मांडीवर घे. साडी खोक्यातून आणि प्लास्टिकमधून काढ. बाबांचं जुनं मलमलचं धोतर तुझ्या कपाटात असेल, त्यात ठेव. प्रत्येक घडीच्या आत मऊ पंच्याची गुंडाळी घाल, म्हणजे रेशमाला धार बसणार नाही. डांबरगोळी जरीजवळ नेऊ नकोस, जर काळी पडते. कोटाच्या खाली नाही, सगळ्यांत वर ठेव. अशी नेलीस तर एक चुणी पडणार नाही.

पोरीला म्हणावं सुखी राहा. ते मी लिहून देते, कारण म्हणायला तिथे नसेन.

तुझी
इंदू


पुसद
६ डिसेंबर

ती. सौ. ताई, नमस्कार करायला हात उचलत नाही, तरी करतो.

मी गुन्हेगार आहे. गुडघा बरा होता. भाऊबीजेला आलो असतो तर तुझ्यासमोर कान लाल झाले असते, म्हणून आलो नाही.

समुद्राकाठच्या हॉटेलात लग्न होतं, दोन्हीकडची मिळून साठच माणसं. यादी ऋचानं आणि शोभानं केली. शोभा म्हणाली, ताईंना ऐकू येत नाही, त्या कोपऱ्यात बसून राहतील, त्यांनाच अवघड होईल, गावाकडच्या सगळ्यांना आपण नंतर पुसदला बोलावू. ऋचा काही बोलली नाही. मग यादी माझ्याकडे आली. सत्तावन्न नावं होती, ताई. तीन जागा रिकाम्या होत्या. मी एका नावाचं शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि यादी परत दिली. वरिष्ठ लिपिक होतो ना.

तुझं पत्र २४ तारखेला मिळालं. उत्तर लिहायला बसलो आणि उठलो. मग साडी धोतरात ठेवली, तू सांगितलं तशी. तिच्यासाठी कोट काढून ठेवला, वजन जास्त भरत होतं. सगळे कपडे इतके नीट निघाले की व्याह्यांनी विचारलं, कोणी भरली बॅग? मी म्हटलं, माझ्या बहिणीनं. त्यांनी विचारलं, त्या कुठे आहेत? मी पाणी प्यायला गेलो.

हळदीच्या दिवशी ऋचाला साडी दाखवली. तिनं एकच विचारलं, बाबा, आत्यानं घडी मोडली का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग नको, आत्याशिवाय मी ही नेसणार नाही. तिचे डोळे भरले. शोभाही रडली. लग्नात ऋचानं फिक्या गुलाबी रंगाचा घागरा घातला, तो पुण्याहून हँगरवर टांगूनच आला होता. साडी गेली तशीच परत आली.

ताई, ती तुला विसरलेली नाही. मला त्यातच समाधान आहे. २२ तारखेला पुसदला स्वागत समारंभ आहे, ऋचा आणि जावई येतील. तुमच्या तिघांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत ठेवतो. साडी मी अंकुरबरोबर पाठवतो आहे. तुझी म्हणून ठेव.

माया मागायचा हक्क राहिला असेल तर मागतो.

तुझा
सदाशिव


आर्णी
१४ डिसेंबर

चि. सदाशिवला आशीर्वाद. तो तुला पाळण्यात असल्यापासून देते आहे, आता थांबवता येत नाही.

साडी मिळाली. धोतर, पंच्याच्या गुंडाळ्या, सगळं सांगितल्यासारखं. एक चुणी नव्हती. बॅग भरणं तुला आता येतं, माझी गरज नाही.

ऋचाचे डोळे भरले, चांगलं झालं. यादी करताना कोरडे होते. तुला त्यात समाधान वाटतं, मला वाटत नाही. जिला आत्याशिवाय साडी नेसवत नाही तिला आत्याशिवाय लग्न कसं लावता आलं, हे तू तिला विचार. तू विचारणार नाहीस, म्हणून मी लिहिते. माझं नाव तिनं साडी नको म्हणायला वापरलं. तीन वर्षं जिच्या वेण्या घातल्या, तिनं.

काल सकाळी आंघोळ करून मी ती साडी नेसले. मी पोरीला शब्द दिला होता, तिनं बोलावलं नाही तरी माझा मला पाळायचा होता. तुळशीपर्यंत पाच पावलं घातली. नानाजी अंगणात दाढी करत होते. जवळ येऊन कानाशी म्हणाले, कुठं चालली वं? मी म्हटलं, कुठंच नाही. साबण त्यांच्या तोंडावर तसाच वाळला.

मग दिवसभर नेसूनच राहिले. चूल पेटवली, भाकरी थापल्या, बबिता आणि तिच्या बायांना चहा दिला. बसायला दुसरी जागा नव्हती, कापसाच्या गंजीवर बसले. बबिता हात लावून पाहत होती. म्हणाली, मावशी, लग्नाले जाऊन राह्यल्या काय? मी ऐकू न आल्यासारखं केलं. कान गेल्याचा तेवढा उपयोग आहे.

२२ तारखेला नानाजी आणि अंकुर येतील. जेवतील, आहेर देतील, त्यांना पहिल्या रांगेत बसव. माझी खुर्ची मांडू नकोस, रिकामी दिसेल.

साडी त्यांच्याबरोबर पाठवते. माझी म्हणून ठेव म्हणतोस, पण ती माझी नाही, तिची आहे. तिला सांग, आत्यानं घडी मोडली. आता नेसायला काही अडचण उरली नाही.

या वेळी मी इस्त्री केली नाही. कंबरेला, गुडघ्याला, पदराला जशा चुण्या पडल्या तशाच राहू दिल्या आहेत, आणि जरीत कापूस अडकला आहे तोही काढला नाही. त्या कशा घालवायच्या हे मला पत्रानं विचारू नकोस.

तुझी
इंदू