ताशी एकशे सत्तावीस

३ फेब्रुवारी, सोमवार
आज पोलिसांनी अडवलं. अडवलं म्हणजे काय, हात दिसला आणि मीच थांबलो. साठची मर्यादा असलेल्या रस्त्यावर माझा वेग म्हणे एकशे सत्तावीस. हे त्यांच्या मशीनचं म्हणणं. मशिनं कशी खोटं बोलतात ते मला कोणी शिकवू नये. लिफ्ट तपासण्यात उमर गेली माझी. हवालदारांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, साहेब, आधी गाडीतून खाली उतरा.

घाई कसली, असं विचारलं. इमर्जन्सी, म्हणालो. कसली? म्हटलं, ते मी सांगू शकत नाही. हे खरंच होतं.

वेग मर्यादेच्या दुपटीवर, म्हणून नुसत्या दंडावर भागणार नाही. कोर्टात हजर राहायचं. राहू की! कर नाही त्याला डर कशाला?

बायकोला सांगायचं नाही. उगाच टेन्शन घेते.

४ फेब्रुवारी
बायकोला कळलं. गाडी तिच्या नावावर आहे हे ऐनवेळी लक्षात राहत नाही. मेसेज तिच्याच फोनवर गेला.

आरडाओरडा नाही. फक्त विचारलं, काल सुट्टी होती ना तुला? होती. मग कुठून येत होतास? केस कापून. त्यावर माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, केस गेलेले दिसतात, इमर्जन्सी दिसत नाही.

आता खरं काय ते निदान इथे लिहायला हरकत नाही. सिग्नलला एक पांढरी गाडी शेजारी उभी होती. हिरवा दिवा लागताच ती पुढे गेली. का गेली? मी तिचं काय वाकडं केलं होतं?

५ फेब्रुवारी
संकल्प. सुनावणीपर्यंत साठच्या आत.

६ फेब्रुवारी
साठच्या आत चालवली. गॅस सिलिंडरचा टेम्पो पुढे गेला. मग शाळेची बस गेली. मागच्या सीटवरच्या पोरांनी मला टाटा केलं.
पंच्याहत्तर म्हणजे काही साठच्या फार वर नाही.

११ फेब्रुवारी
मेहुणा वकील आहे. संध्याकाळी येऊन गेला. म्हणाला, भावोजी, प्रकरण साधं नाही, लायसन्स सस्पेंड होऊ शकतं. फक्त एवढंच करा. मान खाली, चूक झाली, पुन्हा होणार नाही, आणि गप्प. बाकी मी बघतो.

मी त्याला मशीनचं कॅलिब्रेशन समजावलं. तो चहाच्या कपाकडे बघत राहिला. चांगला आहे स्वभावाने, पण टेक्निकल डोकं नाही. त्याने शेजारी उभं राहावं, बोलणार मी.

१९ फेब्रुवारी
ऑफिसात बातमी फुटली. साहेबांनी आत बोलावलं. लायसन्स गेलं तर साइटवरची तपासणी बंद आणि स्टोअरमध्ये बसावं लागेल, म्हणाले. स्टोअर तळघरात आहे. खिडकी नाही. तिथे बसलेला माणूस बदली मागून मागून रिटायर झाला.
मी म्हटलं, साहेब, काळजी सोडा. ते म्हणाले, मी करतच नाही.

दिवसभर एका जागी बसवत नाही. जेवतानाही पाय हलतो. बायको म्हणते, टेबल थरथरतं.

४ मार्च
कोर्टातल्या भाषणाची तयारी जोरात. आज एका हॉस्पिटलची लिफ्ट तपासता तपासता मोठ्याने म्हणून बघितलं. तिसऱ्या मजल्यावर एक आजी आत आल्या. मी नेमका म्हणत होतो की वेग हा गुन्हा नाही, वेगावर ताबा नसणं हा गुन्हा आहे. आजी चौथ्या मजल्यावरच उतरल्या. जायचं सातव्यावर होतं त्यांना.
परिणाम होतो आहे म्हणायचा.

१० मार्च, सोमवार. सकाळ
आज सुनावणी. इस्त्रीचा शर्ट. बायको रजा टाकून सोबत येते आहे. चेहऱ्यावरून वाटतं, मीच तिला दवाखान्यात नेतो आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ
घडलं ते लिहून काढतो.

मॅजिस्ट्रेट बाई होत्या. शांत. मेहुण्याने हळूच कोपर मारलं, चूक झाली म्हणा. मी घसा साफ करून कॅलिब्रेशनपासून सुरुवात केली. मशीनने दाखवलेला वेग सपशेल चुकीचा आहे, म्हणालो. बाईंनी विचारलं, मग तुमचा वेग किती होता? मी ठणकावून सांगितलं, एकशे वीसच्या वर काटा गेलाच नाही.
मेहुण्याने डोळे मिटले.

मग मी ताब्याचा मुद्दा घेतला. बाईंनी मध्येच विचारलं, काम काय करता? लिफ्टची सुरक्षा तपासतो. लिफ्टने ठरलेला वेग ओलांडला तर काय करता? इथे मी खुललो. सांगितलं, लिफ्ट जागच्या जागी लॉक होते, मी ती बंद ठेवतो, पूर्ण तपासणी झाल्याशिवाय चालू करत नाही. पण कोणाला इजा झाली नसेल तर? तरीही बंद. आणि मालक म्हणाला, आमचा ताबा होता, तर? मालकाचं कोण ऐकतो, म्हणालो. वेग ओलांडला म्हणजे ओलांडला. आत माणसं असतात.

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि पुढचं भाषण आठवेना.

बाई म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं. दंड. लायसन्स सहा महिने सस्पेंड. शिवाय वाहतुकीच्या नियमांचा वर्ग.

कोर्टात कोणीतरी हसलं. बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला, भावोजी, सरकारी वकिलांनी तोंडसुद्धा उघडलं नाही. मी म्हटलं, बघ, माझ्या मुद्द्यांना उत्तरच नव्हतं. तो निघून गेला.
घरी येताना गाडी बायकोने चालवली. मी शेजारी बसून उजव्या पायाने ब्रेक दाबत होतो. तिथे ब्रेक नाही.

१८ मार्च
स्टोअर. शांतता असते. अपील करायचं ठरवलं आहे. मेहुणा फोन उचलत नाही. बिझी असेल.

६ एप्रिल, रविवार
बहिणीकडे जायचं होतं. लांबचा रस्ता. बायको चालवणार. वाटेत तिला चार गोष्टी शिकवायच्या असं ठरवलं होतं. ओव्हरटेक कधी करायचा, गिअर कुठे टाकायचा. तिने किल्ली फिरवली आणि म्हणाली, आज तू काहीही सांगायचं नाहीस. बरं, म्हणालो. दोन-तीन वळणं तरी निरीक्षण करू, मग बोलू.

डोळे उघडले तेव्हा बहिणीचं फाटक समोर. गाडी बंद. शर्टाच्या कॉलरवर लाळ. आम्ही जेवायच्या वेळेला बरोबर पोहोचलो होतो.

मी म्हटलं, जरा डोळा लागला वाटतं. ती म्हणाली, जरा? घोरत होतास. मग सीटबेल्ट सोडता सोडता म्हणाली, बरं आहे तुझं. लग्नापासून तुझ्या शेजारी बसते, पण चालत्या गाडीत माझा एकदाही डोळा लागलेला नाही.

मला इतकी वर्षं वाटायचं, तिला रस्ता बघायला आवडतो.