खोट्या मांडवातला धवला

३ फेब्रुवारी
आज 'खाडीपलीकडची सून'मध्ये तेजस्वी पुन्हा जिन्यावरून पडली. तिसऱ्यांदा! आगरी घर दाखवतात ते बैठं, कौलारू. त्यात हा जिना कुठून आला? तरी बघते मी. कारण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा टीव्हीवर कुणीतरी आमच्यासारखं बोलतंय. अर्थात दर वाक्याला 'हाय-न्हाय' घातलं की झाली आमची भाषा, असं त्यांना वाटतं. असू दे. बाकीच्या मालिकांत आम्ही असतो कुठे? मासळीची टोपली घेऊन मागून जाणारी बाई, नाहीतर ट्रकवाला.

९ फेब्रुवारी
काय लिहू! तीच मालिका आमच्या वाडीत येतेय! साहिल नावाचा त्यांचा माणूस आला होता, आमच्या होमस्टेतल्या दोन खोल्या त्यांनी घेतल्या. तेजस्वीच्या लग्नाचं शूटिंग आमच्या नारळींत होणार. आणि त्यांना खरी धवलारीण हवीय, मांडवात धवले म्हणजे लग्नविधींची गाणी म्हणणारी. म्हणजे आमच्या आई!
सासूबाईंनी नागाव ते किहीम किती मांडवांत धवले म्हटले, त्याची गणती नाही. डोळे गेले चार वर्षांपूर्वी, पण आवाज तसाच आहे. आणि त्यांच्यामागे धवला येणारं घरात कोणी नाही. मी शिकायला बसले होते एकदा. दोन दिवसांत टीव्हीपुढे परत.

१० फेब्रुवारी
आई नाही म्हणाल्या. धवल्यात देवांना लग्नाला बोलावतात, गेलेल्या माणसांनाही. "पावन्यांना बोलवायचा आनि दार लावून घ्यायचा, आसा कोन करतो?" बस्स. कृष्णाबाई नाही म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी नाही.
पण मालिकेच्या शेवटी नाव येणार होतं! कृष्णाबाई, नागाव. आवाज कायमचा राहिला असता. मला रडू आलं.

१४ फेब्रुवारी
मी खोटं बोलले.
आईंना सांगितलं, मालिकावाले गेले मांडव्याला. आता आपल्या वाडीत खरंच लग्न आहे. मुंबईचं स्थळ, मुलीची आजी इथलीच, तिला धवला हवाय. अशी लग्नं होतात आमच्याकडे, त्यात नवल नाही. आईंनी विचारलं, पोरगी कोणाची? मी म्हटलं, रावजींची. कोण रावजी, तेही ठरवलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी
झालं. आई गायल्या. मी मागे सत्तर माणसांच्या जेवणात अडकले होते, भाकऱ्यांच्या धुरातून फक्त चाल ऐकू आली. शब्द नाही कळले. साहिल म्हणाला, आजींनी सगळ्यांच्या अंगावर काटा आणला. शूटिंगमध्ये 'कट' ओरडतात, ते आईंना ऐकू आलं असेल का? साहिलला हात जोडून सांगितलं होतं, आजींजवळ ओरडू नका.
घरी आणताना आईंनी हात हुंगला आणि पदराला पुसला. मी म्हटलं, दमलात का? हूं म्हणाल्या.

२० फेब्रुवारी
पनवेलहून प्राप्तीचा फोन. हळद दहा मेला ठरली. लेकीचा पहिला प्रश्न, "आजी गानार ना?" मी फोन आईंच्या कानाला लावला. नातीला त्या म्हणाल्या, बघू.
बघू? पहिल्या नातीच्या लग्नात बघू? पाप फिरतं म्हणतात, ते असं?

४ मार्च
आज तो भाग लागला. आईंना खोलीत निजवलं होतं, टीव्हीचा आवाज बारीक ठेवला.
चोर आहेत सगळे! आई दिसल्या जेमतेम दोन सेकंद, त्याही पाठमोऱ्या. तोंड हलवत होती एक नटी, ओठांना लाली, कानात मोठाल्या बुगड्या. आवाज कुणा पोरीचा. मागे ढोलकी, बासरी आणि काय काय. शब्द तर कसले! 'सागराची राणी' म्हणे. आमच्या धवल्यात सागराची राणी कधी आली? शेवटी नावं धावली, मी उभी राहून वाचली. केशभूषा करणाऱ्याचं आलं. आईंचं नाही.
मी देवाशी खोटं बोलले, सासूशी खोटं बोलले, ते ह्यासाठी? अंगणात जाऊन एकटीच रडले. विश्वासघात म्हणतात तो हा. वर्षभर रोज साडेसातला जेवण आटपून ह्यांच्यापुढे बसले मी!

५ मार्च
साहिलला फोन लावला, सोडलं नाही. आमच्या आईंना फसवलंत, मी म्हणाले. तो म्हणाला, आवाज छान होता, पण लिहिणाऱ्या मॅडमना शब्दच कळले नाहीत, म्हणून दुसरं गाणं करून घेतलं. मग आमचं गाणं आम्हाला परत द्या, म्हटलं. प्राप्तीच्या हळदीत आई नाही गायल्या, तर निदान तेवढं लावता येईल. शोधून पाठवतो म्हणाला.
फसवलंत, हा शब्द मी केवढ्या जोरात म्हटला.

६ मार्च
मालिका बघितली नाही. आई म्हणाल्या, "आज टीवी न्हाय?" मी म्हटलं, बिघडलाय. आणखी एक खोटं.

९ मार्च
साहिलने पाठवलं. सकाळी भांडी घासता घासता मोबाइल ओट्यावर उभा करून लावलं. धवल्याचीच चाल, आईंचाच आवाज, त्यांचा हात तेजस्वीच्या हळदीच्या ताटात. त्यात हळद नव्हती, रंग होता. शब्द हे —

हलद न्हाय ताटी गो, आयस न्हाय दारी,
कोनाचा हा लगीन गो, पोर कोनाची कवारी?
सून माझी सुचिता खोटा बोलली मना,
चार लोकांत कशाला मी लाजवू तिना?

वळून बघितलं तर आई दारात, चौकटीला हात लावून उभ्या.
"खरा धवला मी ठेवलाय. प्राप्तीच्या मांडवात म्हनीन," म्हणाल्या. "पन तवा तू म्होरं बसू नको."

१० मे
हळद. मी मागच्या पडवीत बसून ऐकलं.