ग्लव्हमध्ये शिवलेला तुकडा

प्रिय डेल,

तू गेल्याची बातमी आली त्या सकाळी मी देवापुढे दिवा लावला, चहा तसाच ठेवला आणि दुकान उघडून मशीनवर बसलो. क्लबचा फोन आला होता. पंचवीस जर्सी, प्रत्येकीच्या डाव्या बाहीवर काळी पट्टी, संध्याकाळच्या सामन्याआधी. तुझ्यासाठीचं शेवटचं शिवणकाम!

हे पत्र तुझ्या बायकोला लिहिता आलं असतं. पण तिचा यात काय दोष? आज मी जे केलं ते तू असतानाच करायला हवं होतं, म्हणून तुझ्याच कानावर घालतो.

चौदा वर्षं तुझे बेसबॉलचे कपडे मी बेतले. उजवा खांदा भरत गेला, तशी ती बाही मी सैल करत गेलो. तू चेंडू टाकायला उभा राहिलास की समोरचा फलंदाज निम्मा बाद झालेला असायचा. मी रेडिओ लावून काजं करायचो आणि मनात म्हणायचो, हा आपला माणूस. अमेरिकेत मला नावानं हाक मारणारा पहिला गोरा तू! माझ्या मुलीच्या बारशाला जमिनीवर मांडी घालून बसलास, श्रीखंड तीनदा मागून घेतलंस. विसरलास?

ऐंशी साली तुझा हात थकू लागला. एका दुपारी तू ग्लव्ह माझ्या टेबलावर टाकलास. "दत्ता, आत इथे पॉलिशपेपरचा बारीक तुकडा शिव. बोटांची कातडी जाड झालीय, घासायला बरा."

मला खरं वाटलं. माझ्याही बोटाला सुईनं घट्टा पडलाय, मीही तो घासतो. दाभण घेऊन तुकडा असा बसवला की टाका दिसू नये. त्यानं चेंडू खरवडला की तो हवेत वळतो आणि तुमच्या खेळात ती बेइमानी ठरते, हे मला कोण सांगणार? आमच्या गावात पोरं सगळ्यांसमोर चेंडू विजारीला घासायची!

पंचांनी ग्लव्ह पकडला. चौकशीच्या खोलीत तू म्हणालास, "सर, मी साधं ठिगळ मागितलं होतं. दत्ताला इंग्लिश कमी समजतं. हाताला लागलं ते शिवलं त्यानं."

चौकशी करणाऱ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का?"

तुझा शब्द न् शब्द मला समजला होता, डेल. मी मान हलवली. तू वाचावंस म्हणून.

तू आणखी पाच वर्षं खेळलास. पॉलिशपेपरला इथे सँडपेपर म्हणतात, त्यावरून मी सगळ्यांचा 'सँडी' झालो. नवी पोरं पँट दुरुस्तीला टाकताना म्हणायची, "सँडी, खिशात काही शिवू नकोस हं!" मालती, माझी बायको, विचारायची, "अहो, तो एकदा तरी सॉरी म्हणाला का?" मी म्हणायचो, "म्हणेल." हॉस्पिटलात तुझ्या कपाळाला अंगारा लावला, तेव्हाही मी वाट पाहत होतो. तू काय बोललास? "दत्ता, यंदा थंडी फार." थंडी!

तू गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी जर्सी घेऊन क्लबात गेलो. मॅनेजर पोरांना सांगत होता, "वीस वर्षांच्या खेळात डेलवर एकच डाग पडला, तोही आपल्या सँडीच्या सुईनं. काय सँडी?" सगळे हसले. आणि मीही हसलो! सवयीनं.

घरी देवापुढे बसलो, तर तोंडातून स्तोत्र फुटेना. इतकी वर्षं तू खोटं बोललास एवढंच मी उगाळत होतो. मान तर मी हलवली होती ना?

आज चौकशीवाल्या कचेरीत जाऊन सगळं लिहून दिलं. माझ्या इंग्लिशमध्ये, खाली सही करून. कारकुनानं विचारलं, "आता कशाला? तो तर गेला."

मी म्हटलं, "मी आहे ना."

एक वचन देतो. त्या तुकड्याआधीचे तुझे चेंडू स्वच्छ होते, हेही त्याच कागदावर लिहिलंय. कुणी पुसायला सांगितलं तरी ते पुसणार नाही.

तुझा,
दत्ता