सोबत येणार का? : नाही

३ जून, मंगळवार
मुलाची, सोहमची मेल आली. कॅनडात मला आणि बायकोला, माईला, कायमचं बोलवायला तो स्पॉन्सर होतोय. नातीला, राजसीला, सांभाळायला माई आठ महिन्यांपूर्वीच तिकडे गेलीय. त्याच्या पगाराचे, टॅक्सचे कागद तयार आहेत. मी फक्त माझा फॉर्म भरून पाठवायचा. उद्याच काम फत्ते.

११ जून
फॉर्म उघडला. प्रश्न: पत्नीसोबत येणार का? होय / नाही.
एकदम होय? आनंदनगरच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं परचेस ऑफिसर होतो, एकाही सप्लायरला पहिल्या फोनला हो म्हटलं नाही. आणि घरात तरी दुसरी पोळी पहिल्याच वेळी कोण घेतं? ‘नाही’वर टिक केली. खाली लिहिलं, सोहमवर माझा भार नको. आता ते आग्रह करतील. दोनदा नको म्हणेन, तिसऱ्यांदा मान्य.

१२ जून, सकाळी १०
कॅम्प ५ला दिपेशच्या झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनिंग. त्याने विचारलं, अंकल, इधर नो पे टिक है, भेज दूं? म्हटलं, भेज दो, हमारे घर का मामला है. त्याला काय कळणार!

१५ जून, रविवार
फोन आला. सोहम म्हणाला, फॉर्म मिळाला. मग राजसी रडायला लागली. विषय राहिला.

२० जून
मोठी बॅग आणि कानटोपी घेतली. शेजारच्या किर्तीने विचारलं, काका, कुठे? म्हटलं, पोरगा फार मागे लागलाय. जरा पुढचं सांगितलं, इतकंच.

२२ जून, रविवार
फोन नाही. आमच्या हेंद्रेपाड्यात रेंजच नसते. गच्चीवर जाऊन दोन तास उभा राहिलो. तिथे रेंज फुल होती.

२९ जून, रविवार
माईने स्वतः विचारलं, तुम्हाला खरंच यायचं नाही? म्हटलं, छे, इथे कामं पडलीत. पहिला नकार झाला. सगळं प्लॅनप्रमाणे. ती म्हणाली, बरं.

६ जुलै, रविवार
सोहम म्हणाला, आईचा एकटीचा अर्ज गेला. बाबा, तुमच्या मनाविरुद्ध काही केलं नाही. मी सहज विचारलं, मागाहून बदलता येतं का? म्हणाला, विचारून बघतो, पण बहुतेक नवा अर्ज करावा लागेल, त्यात वर्षं जातील. का, यायचं होतं का?
म्हटलं, छे. सहज.
मागून माई म्हणाली, त्यांना इथे करमलं नसतं.
मला जायचं होतं.

संध्याकाळी ७
बॅग माळ्यावर टाकली. कानटोपी आत राहिली. राहू दे.
बेल वाजली. किर्ती. काका, खीर केलीय, वाटीभर देऊ?
तिचं बोलणं संपायच्या आत हो म्हटलं.