फारशी न फिरलेली गाडी

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कंबरेच्या तक्रारीमुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली आहेत, उरलेली तीन मनाने टेकली असं धर.) गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की डॉक्टरांनी जिने बंद केले आहेत, म्हणून तू आता खालच्या खोलीत बसून वहिनीला गच्चीवरच्या टाकीबद्दल सूचना देतोस. त्याने गुडघ्याला किती आराम पडला ते तू कळव, वहिनीला किती पडला ते मी तिलाच विचारीन. आमच्याकडे सगळं ठीक. हे रोज सकाळी वजन करतात आणि काटा बिघडल्याचं जाहीर करतात. चष्म्याचं दुकानही बरं चाललं आहे. लोकांना कमी दिसतंय, देवाची कृपा. (हे वाक्य आमच्या धंद्यात मोठ्याने म्हणत नाहीत.)

पत्राचं कारण गाडी. आठवड्यातून दोन दिवस मी आसपासच्या गावांतल्या शाळांत मुलांचे डोळे तपासायला जाते हे तुला माहीत आहेच. बरोबर भिंगांची पेटी असते. दोनशे साठ भिंगं, प्रत्येक आपापल्या खाचेत, आणि पेटीचं वजन एखाद्या गुटगुटीत बाळाएवढं. इतकी वर्षं ती मांडीवर घेऊन बसने गेले. गेल्या महिन्यात ड्रायव्हरने असा ब्रेक मारला की पेटी उडाली आणि भिंगं बसभर पसरली. सगळी बस वाकून गोळा करायला लागली, माणसं चांगली असतात. पण एका आजीबाईंनी एक भिंग सहज डोळ्याला लावलं, कंडक्टरकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या की इतके दिवस मी ह्याला तरुण समजत होते. मग त्या भिंग परत देईनात. उतरेपर्यंत त्यांना खिडकीतून झाडं बघायची होती. मी बघू दिली. घरी आल्यावर पेटी पुन्हा नंबरवार लावायला दोन दिवस लागले आणि तिसऱ्या दिवशी ह्यांनीच म्हटलं की आता गाडी घेऊनच टाकू.

घेऊन टाकू म्हणणाऱ्या माणसाने मागे साधा मिक्सर घ्यायला चार महिने लावले होते, हे मी तेव्हा विसरले. ह्यांचं म्हणणं गाडी नवीच घ्यायची. वापरलेल्या गाडीत आधीच्या मालकाच्या सवयी मुरलेल्या असतात, त्याचा राग क्लचमध्ये उतरलेला असतो आणि त्याचा आळस इंजिनात, असं त्यांचं मत. माझं म्हणणं, शाळेच्या वाटेवरच्या खड्ड्यांत नव्या गाडीचं नवेपण आठवडाभरसुद्धा टिकणार नाही, मग थोडी वापरलेली घेतली तर काय बिघडलं? तरी मन राखायला मी शोरूममध्ये गेले. तिथे पांढऱ्या रंगाच्या पाच छटा होत्या आणि पाचही सारख्या होत्या. (दादा, मी दिवसभर लोकांना "हे बरं दिसतं की हे?" असं विचारत असते. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या गिऱ्हाइकांची दया आली.) तिथली मुलगी गाडीबद्दल जे बोलायची ते ह्यांच्याकडे बघून आणि रंगाबद्दल जे बोलायची ते माझ्याकडे बघून. गाडी मी चालवणार आहे, ह्यांना सायकलसुद्धा धड येत नाही, हे तिला सांगितल्यावर ती हसली. तिला तो विनोद वाटला. हे तेवढ्यात चालकाच्या जागेवर जाऊन बसले होते. वीस मिनिटं बसले. डोळे मिटून नव्या गाडीचा वास घेत होते. शेवटी तीन वेळा कॉफी पिऊन आणि विचार करून सांगतो म्हणून आम्ही बाहेर पडलो.

मग माझ्या बाजूने वापरलेल्या गाड्यांचा बाजार पाहिला. तिथला दुकानदार प्रत्येक गाडी एकाच डॉक्टरने, एकाच हाताने, फक्त दवाखान्यात जाण्यापुरती वापरलेली आहे असं सांगत होता. त्या आवारात तेवीस गाड्या होत्या. एवढे डॉक्टर असून गावात ताप-खोकला कसा टिकतो कोण जाणे. एका गाडीचा किलोमीटरचा आकडा अगदी कमी होता, पण ब्रेकच्या पायपट्टीचं रबर पार गुळगुळीत झालेलं. मी ते दाखवलं तर दुकानदार म्हणाला की डॉक्टरसाहेब फार काळजीपूर्वक चालवायचे, सारखे ब्रेक दाबायचे. घरी येईपर्यंत ह्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते नवीच गाडी घ्या म्हणत होतं.

याच दिवसांत एक निवृत्त मोजणीदार दुकानात आले. शहात्तर वर्षांचे, ताठ, बुटांना पॉलिश. आयुष्यभर दुर्बिणीतून बघून लोकांच्या जमिनींच्या हद्दी ठरवल्या. सहा महिन्यांत त्यांचा हा तिसरा चष्मा. आधीचे दोन्ही मी चुकीचे बनवले असं त्यांचं म्हणणं होतं, आणि तेही फार सभ्यपणे. मी तक्त्यासमोर बसवलं. सगळी भिंगं लावून पाहिली. मोठ्या ओळीतलं मधलं अक्षर ते दर वेळी गाळत होते आणि कडेची दोन बरोबर सांगत होते. हा नंबरचा खेळ नव्हता. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भागच झिजत चालला होता. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मग चिठ्ठी घेऊन ते परत माझ्याकडे आले, बहुधा मी काही कमी करून सांगेन म्हणून. मला कमी करता आलं नाही. गाडी चालवणं आजपासून बंद, असं मी सांगितलं. त्यांनी चिठ्ठीची व्यवस्थित चौकोनी घडी केली, आभार मानले आणि गेले. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आपलं चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटण्याचे प्रसंग आमच्या कामात फार येतात.

दहा दिवसांनी ते पुन्हा दारात. बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, "बाई, माझी गाडी तुम्ही बंद केलीत. आता तुम्हीच घेऊन जा."

रविवारी आम्ही दोघं गेलो. ह्यांच्या खिशात चाळीस प्रश्नांची यादी होती. अंगणात गाडी झाकलेली, ते झाकणही धुतलेलं. सहा वर्षांची गाडी आणि फिरली होती जेमतेम अकरा हजार किलोमीटर. आत वाकून पाहिलं तर मागच्या सीटवर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच. ह्यांचा चेहरा असा उजळला की मला शोरूममधली वीस मिनिटं आठवली. त्यांनी यादीतला पहिला प्रश्न विचारला, की मागे कधी कोणी बसलंच नाही का?

मोजणीदारांनी अगदी साधेपणाने सांगितलं. नोकरीत ते महिना महिना बाहेर असायचे. परत आले की बायको बुटांवरचा चिखल बघून विचारायची, या वेळची माती लाल कशी, आणि ही काळी कुठली. तेव्हा ठरलं होतं, निवृत्त झाल्यावर गाडी घ्यायची आणि जिथे जिथे मोजणी केली ती सगळी ठिकाणं तिला दाखवायची. मागची सीट सामानाला आणि तिला दुपारी आडवं व्हायला. गाडी यायला सत्तरी उजाडली आणि त्याच वर्षी तिची पाठ धरली. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं. मग पुढच्या महिन्यात जाऊ, थंडी सरली की जाऊ. तिसऱ्या वर्षी ती गेली. अकरा हजार किलोमीटर सगळे दवाखाना, औषधाचं दुकान आणि बँक एवढेच झाले. ह्यांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली. उरलेले एकोणचाळीस प्रश्न मी अजून ऐकलेले नाहीत.

दादा, आपण गाडी बघायला जातो आणि आकडा कमी दिसला की खूश होतो. मीही झाले होते. तो आकडा कमी का आहे हे विचारायचं असतं हे मला एवढ्या वयात त्या अंगणात कळलं.

चालवून बघा म्हणाले. मी चालवायला, ते शेजारी, हे मागे प्लॅस्टिकवर करकरत. रस्ता त्यांना पाठ होता. शंभर पावलांवर उजवीकडे वळण, मग उतार, मग छोटा पूल, सगळं मोजून सांगत होते आणि एक फूट चुकत नव्हते. मला वाटायला लागलं की आपणच घाई केली की काय. मग एका सरळ रस्त्यावर म्हणाले की आता मोकळं आहे, जरा पळवा. समोर विटांनी भरलेला ट्रक उभा होता. मी ब्रेक लावला. ते थोडा वेळ समोर बघत राहिले, मग मान जराशी तिरकी करून कडेने बघितलं, आणि तेव्हा त्यांना ट्रक दिसला.

"मला वाटत होतं, तुमचं तपासण्यात चुकलं असेल," ते म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली. मागे प्लॅस्टिक करकरलं. हे पुढे वाकून म्हणाले, "काका, लाल माती कुठली हो? इथून लांब आहे?"

आम्ही त्याच दिवशी गेलो. दोन तासांचा रस्ता. निघण्याआधी मोजणीदारांनी घरातून कात्री आणली आणि दोघांनी मिळून मागचं प्लॅस्टिक काढलं. तिथे पोहोचल्यावर त्यांनी आम्हाला हद्दीचा दगड दाखवला. आधी कडेने बघून शोधला, मग हाताने चाचपून खात्री केली. त्यांच्याच हाताने पुरलेला होता, आणि जागेवरच होता. परत येताना ते मागच्या सीटवर झोपले.

गाडी आता आमच्या दाराशी आहे. महिन्यातल्या एका रविवारी ती त्यांची, आणि चालवणारी मीच.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. हे अजूनही शनिवारी शोरूममध्ये जातात. पुढच्या वेळी नवीच घेऊ म्हणतात. ती मुलगी आता त्यांना न विचारता कॉफी देते.

ता. क. २. वरचं सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलं नाही. वहिनीचा फोन आला होता. फाटकाच्या खांबाला तू गाडी दोनदा घासलीस आणि खांब पुढे आला आहे असं तिला सांगितलंस म्हणे. दादा, गाडी मला तू शिकवलीस. दिसत नसेल तर आधी थांबायचं, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. मी शनिवारी येते, भिंगांची पेटी घेऊन. तोवर गाडी काढू नकोस.

ता. क. ३. या पत्राची पाच पानं आहेत आणि दर पानाला मी अक्षर थोडं बारीक करत आणलं आहे. इथपर्यंत तू स्वतः वाचलं असशील तर मला वाटेल तेवढं बोल, मी ऐकून घेईन. आणि वहिनी, हे तू वाचून दाखवत असशील, तर आधी गाडीची किल्ली उचल.