ढोलकीवरचा हात कुणाचा

आण्णा, तुमच्या हातावरून माझ्या घरात भांडण लागलंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात भांडण लावायची तुमची खोड गेली नाही. नात माझ्याशी बोलत नाही. ताट वाढून पुढ्यात सरकवते आणि मोबाईलमध्ये तोंड घालून बसते.

ती करते काय, ते आधी सांगते. मंचरला एका दुकानाच्या माडीवर तिनं खोली घेतलीय. तिथं माईक आहे, कॉम्प्युटर आहे, आणि आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना मी शिवलेल्या गोधड्या टांगल्यात. गावोगावच्या बातम्या, जुन्या गोष्टी, गाणीबजावणी रेकॉर्ड करून ती मोबाईलवर सोडते. रेडिओच म्हणा, फक्त ज्याला पाहिजे त्यानं पाहिजे तेव्हा ऐकायचा. मलाही कामाला लावलंय. बिबट्या कुठल्या उसात दिसला, कुठल्या वाडीला टँकर आला नाही, हे मी माझ्या भाषेत सांगते. मी बोलते आणि ती कापते. "आजी, तुझ्या शिव्या कापण्यातच माझा दिवस जातो," म्हणते. बिबट्याला शिवी दिली तर तो काय कोर्टात जाणाराय?

मागच्या महिन्यात खालच्या दुकानाच्या मारवाडी शेठनं तिला एक जुनी कॅसेट दिली. त्याच्या वडिलांचा लाउडस्पीकरचा धंदा होता, त्यांनी जत्रेतला तमाशा भरून ठेवला होता. तुमचाच फड. मध्ये लांबलचक ढोलकी आहे, एकट्याची, आणि वाजवणाऱ्याचं नाव कुणी घेतलेलं नाही. फडात ढोलकीवाले दोन, तुम्ही आणि ते कळंबचे. नातीनं ठरवूनच टाकलं की हे आपले पणजोबा. त्यावर तिला मोठा कार्यक्रम करायचा होता. "आजी, तू नुसतं ऐक आणि हात ओळख," म्हणाली.

मी तो हात कसा ओळखू, आण्णा? मला अजून दिसतंय, मी नऊ-दहा वर्षांची आहे. आई चुलीपुढं भाकरी थापतेय आणि मी पिठाच्या डब्यावर बोटं मारतेय. दसऱ्याला गेलेले तुम्ही वैशाखात घरी आलात आणि भिंतीकडं तोंड करून झोपलाय. डबा वाजला तसे उठता आणि माझं मनगट धरता. "घरातल्या पोरीनं ताल धरायचा नाय." आई म्हणते, "पोरच हाय ती." तुम्ही म्हणता, "म्हणूनच." ढोलकी तर तुम्ही उंबऱ्याच्या आत कधी आणलीच नाही. जत्रेला लोक लेकींना माहेरी आणतात. तुम्ही मात्र आपल्या गावच्या जत्रेत फड उभा राहणार म्हटलं की आईला आणि मला आहुप्याकडं आजोळी धाडायचात. सगळ्या गावानं तुम्हाला ऐकलं. रेवडीवाल्यानं ऐकलं, गॅसबत्तीवाल्यानं ऐकलं. आम्ही दोघी डोंगरात नाचणीची भाकरी खात बसलो. बोरी बुद्रुकला माझं लग्न लावलंत तेव्हा सासरी सांगितलंत, पोरीचा बाप मुंबईला गिरणीत आहे. मग पुढच्याच साली सासऱ्यानं तुम्हाला एका जत्रेत ढोलकी घेऊन उभं पाहिलं. सासू मला विचारायची, "काय गं, मुंबईची गिरणी हिकडं कवा आली?" जन्मभर विचारलं तिनं. पोरीच्या भल्यासाठी केलं, असं आई मरेपर्यंत सांगत राहिली. ते भलं मला कधी दिसलं नाही.

तर गेल्या आठवड्यात कळंबच्या त्या ढोलकीवाल्यांचा मुलगा आला. मुलगा कसला, सत्तरीचा गडी, काठी टेकत माडी चढला. त्यानं हेडफोन कानाला लावला आणि त्याची बोटं मांडीवर चालायला लागली.

"मावशी, ह्यो माझ्या बापाचा हात हाय."

"कशावरून?" नातीनं विचारलं.

"शाळा बुडवून फडात त्यांच्या मागं बसायचो मी, पोरी. पेंग आली की त्यांच्याच पाठीला टेकायचो. आन् आता तू मला इचारती कशावरून?"

"पण आमची आजी म्हणते..."

"आजी अजून काय बी म्हनली नाय," मी म्हटलं.

नातीनं माईक माझ्यापुढं सरकवला आणि डोळ्यांनी खुणावलं. मी एक शब्द बोलले असते तर तुमचं नाव लागलं असतं, सगळ्या तालुक्यानं ऐकलं असतं. मी म्हटलं, "हात कळंबवाल्यांचाच हाय." म्हातारा डोळे पुसायला लागला. म्हटलं, "राव, रडू नगा. माझ्या शिव्या कापती, पर रडणं कापायची नाय ही."

तो जिना उतरला आणि नात कडाडली. "तुला खरंच ओळखू आलं?"

"न्हाई."

"मग देऊन कसं टाकलंस? आपल्या घरातलं माणूस होतं ते!"

"घरात कवा व्हतं? त्या म्हाताऱ्याच्या बापानं लेकराला पाठीशी बसवून ऐकवलं. माझ्या बापानं मला डोंगरात धाडलं. नाव कुणाचं लावू?"

"आजी, तू सूड उगवतीयस."

"व्हय," मी म्हटलं. ती त्या दिवसापासून गप्प आहे. काल कार्यक्रम मोबाईलवर गेला, कळंबवाल्यांच्या नावानं. लोक वाहवा करतायत, असं खालचा शेठ सांगत होता.

तुम्हाला लिहिलेले हे कागद मी ठेवणार नाही. तिच्या हाती पडले तर माईकपुढं बसवून वाचायला लावील. सकाळी पाणी तापवायला मागच्या दारची चूल पेटवीन, त्यात घालीन. पण ती घरात नसली की मी तिनं माझ्या मोबाईलमध्ये ऐकायला घातलेली ती ढोलकी लावते, आणि कुणाची चाहूल लागली की बंद करते. तुम्ही की ते, मला अजून कळत नाही. वाजवणारा वाजवतो मात्र चांगला. आणि ऐकताना वाटतं, हे तुम्हीच असावेत. नाव बदल, असं मी तिला सांगणार नाही.