कंपासने काढलेलं शून्य

३ जून
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद कुणीतरी ठेवायला हवी, आणि या घरात दुसरं कुणी ठेवेल असं दिसत नाही. फॉन्ट पूर्ण झाला. नाव 'निखळ'. सगळ्या रेघा एका जाडीच्या, प्रत्येक गोल कंपासचा. हॉस्पिटलच्या सगळ्या पाट्या याच अक्षरात होणार. होणारच.

५ जून
बायकोला प्रिंट दाखवली. आमचं ऑफिस म्हणजे घरातलंच टेबल. आकार माझे, फाइल तयार करणं तिचं. म्हणाली, एकच्या आकड्याशेजारी शून्य बसकं दिसतंय. मी कंपास लावून दाखवला. म्हणाली, पेशंट कंपास घेऊन येत नाहीत.
संकल्प: टीका मनाला लावून घ्यायची नाही. (जेवलो नाही. भूक नव्हती. नंतर बिस्किटांचा पुडा.)

९ जून
हॉस्पिटलच्या मॅनेजरने नमुने परत पाठवले. आकडे डोळ्यांना खुपतात म्हणे. सुधारा, नाहीतर काम दुसऱ्याला. लोकांना शुद्धता झेपत नाही. आता काम गेलं तरी बेहत्तर, रेघ हलणार नाही. बायकोला सांगितलं, तीच फाइल पुन्हा पाठव. ती लगेच कामाला बसली. अखेर पटलं तिला.

१३ जून
काम मिळालं. मॅनेजर म्हणाला, आता कसं छान दिसतंय. आता म्हणे! फाइल तीच. बायकोला म्हटलं, ठाम राहणं माझ्याकडून शीक. ती हसली. कौतुकाने असावं.

२ जुलै, दुपार
पाट्या लागल्या. 'वॉर्ड १०' डोळे भरून पाहिला. बाकावरच्या आजींना शून्याचं सौंदर्य समजावून सांगितलं. त्यांनी एक्स-रे कुठे काढतात ते विचारलं. खिशात कंपास होताच. लावला.
बसेना. शून्य उंच आहे. केसभर, पण उंच.

२ जुलै, संध्याकाळ
बायकोने सरळ कबूल केलं. सगळे गोल तिने जरा ओढलेत, आडव्या रेघा बारीक केल्यात. चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नाही. परक्याने केलं असतं तर भांडलो असतो. घरच्याच माणसाने केसाने गळा कापल्यावर कुणाशी भांडायचं? फार लागलं. म्हटलं, उद्याच मॅनेजरला खरं सांगून काम सोडतो.
तिने दोन कागद भिंतीवर चिकटवले. दोन शून्यं.
"यातलं तुझं कुठलं? ओळखलंस तर मीच फोन करते त्यांना."
हे काय विचारणं झालं? क्षणही लागला नाही. डावीकडचं किती गोल, किती शांत. उजवीकडचं पार दबलेलं, कुणी त्यावर बसून उठल्यासारखं. डावीकडे बोट दाखवलं.

३ जुलै
मॅनेजरला फोन केला नाही. घसा बसलाय.
बायको फितूर झाली हे एक वेळ समजू शकतो. माझे डोळेही तिलाच जाऊन मिळालेत.
कंपास खालच्या खणात. उजवीकडचा कागद काढून टाकला. डावीकडचा राहू दिलाय. छान दिसतो.